ॲम्पमधली गुणगुण शिरते कुठून? हम, भणभण आणि मोबाइलची टरटर शोधून काढण्याची पद्धत

लग्नाचा लॉन असो, मंदिरातला कीर्तनाचा सेट असो की मंडळाचा मंडप, नाशकातल्या साउंडवाल्यांची एक तक्रार ठरलेली असते. ॲम्प (ॲम्प्लिफायर) चालू केला की स्पीकरच्या बॉक्समधून गुणगुण येते, रोषणाई लागली की तिची भणभण होते आणि ऐन भाषणात कुणाच्या तरी खिशातला मोबाइल टर्र-टर्र करून जातो. मग घाई होते. कुणी प्लगची अर्थची पिन काढतं, कुणी मिळेल त्या वायरवर फेराइटचा गट्टू (रेडिओ लहरी अडवणारा छोटा ठोकळा) चढवतं, कुणी महागडी केबल विकत आणतं. यातलं एखादं चुकून लागू पडतं आणि पुढच्या कार्यक्रमात आवाज परत येतो, कारण तो कुठून शिरत होता हे कुणी पाहिलेलंच नसतं.

बाहेरचा त्रास ॲम्पमध्ये शिरायला तीन वाटा असतात: इनपुटची केबल, मेन्सची वायर आणि स्पीकरची वायर. तिसऱ्या वाटेकडे सहसा कोणी बघत नाही. स्पीकरच्या वायरीतून आवाज बाहेर जातो, आत कसा येईल, असं वाटतं. पण लांब पसरलेली स्पीकरची वायर चांगली अँटेना होते, आणि तिने पकडलेलं आउटपुटच्या टर्मिनलवरून थेट ॲम्पच्या पोटात जातं. म्हणून खालचा क्रम स्पीकरपासून सुरू होतो आणि मागे मागे माइकपर्यंत जातो. एका वेळी एकच बदल करा. दोन बदल एकदम केले आणि आवाज गेला, तर कशामुळे गेला हे कधीच कळणार नाही.

## तयारी: आधी हे सामान हाताशी ठेवा

यातलं बहुतेक सामान एम. जी. रोडवरच्या दुकानांत मिळतं.

- एसी व्होल्ट आणि ओहम दाखवणारा मल्टिमीटर.
- शॉर्टिंग पिना. आरसीए आणि पाव इंची जॅकमध्ये टोक आणि बाहेरचा भाग तारेने जोडून घ्या. माइकच्या एक्सएलआर (तीन पिनांच्या) इनपुटसाठी २ आणि ३ नंबरच्या पिनांमध्ये १५० ओहमचा रेझिस्टन्स लावा. १ नंबर मोकळा ठेवा, म्हणजे फँटम पॉवर (मिक्सरमधून माइकला केबलवाटे दिलेली वीज) चालू असली तरी अडचण नाही.
- ८ ओहमचा छोटा टेस्ट स्पीकर, ४ ते ६ इंची, जेमतेम अर्ध्या मीटरच्या वायरीसह. सगळ्या तपासणीत सर्वांत जास्त उपयोग याचाच होतो.
- मीडियम वेव्ह असलेला, सेलवर चालणारा छोटा रेडिओ. हल्लीच्या मोबाइलमध्ये मीडियम वेव्ह नसतं, त्यामुळे जुना ट्रान्झिस्टर सांभाळून ठेवा.
- दोन मोबाइल: एकात आवाजाचा स्पेक्ट्रम दाखवणारं ॲप, दुसऱ्यात टूजी सेवा देणारं सिम.
- चार-पाच फेराइटचे क्लिप-गट्टू आणि सुमारे ६ सेंटिमीटर बाहेरच्या व्यासाच्या दोन फेराइट रिंग. जुन्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून निघणारी पिवळी-पांढरी रिंग घेऊ नका. ती लोखंडाच्या भुकटीची असते, या कामात तिचा उपयोग होत नाही.
- ६०० ओहमचा एकास एक ऑडिओ ट्रान्सफॉर्मर.
- १२ व्होल्ट, ५०० मिलिॲम्पिअरचा साधा ट्रान्सफॉर्मर आणि १५० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टन्स. हे टप्पा ५ मध्ये लागेल.
- वही आणि मास्किंग टेप. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना नंबर चिकटवा.

सावध: केबल काढताना-लावताना आवाज पूर्ण खाली घ्या आणि ॲम्प बंद करा. १०० व्होल्ट लाइनच्या (लांबवरच्या अनेक स्पीकरसाठीच्या जास्त व्होल्टेजच्या आउटपुटच्या) टर्मिनलला चालू ॲम्पवर हात लावू नका, पूर्ण आवाजात तिथे खरोखर तेवढं व्होल्टेज असतं. क्लास-डी (वेगाने स्विचिंग करणाऱ्या) आणि ब्रिज केलेल्या (दोन चॅनल एकत्र जोडलेल्या) ॲम्पची दोन्ही आउटपुट टर्मिनलं सहसा चालू असतात. त्यातलं एकही बॉडीला किंवा दुसऱ्या मशीनच्या ग्राउंडला टेकवू नका, आउटपुट जळेल. ॲम्प उघडायचा असेल तर प्लग काढून मोठे कपॅसिटर रिकामे झाल्याची मीटरने खात्री करा.

## टप्पा १: आवाज ओळखा आणि लिहून ठेवा

हात लावण्याआधी पाच मिनिटं नुसतं ऐका. ॲप असलेला मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर तपासणारा मोबाइलच त्रास निर्माण करेल.

जाड, गुळगुळीत हम, ५० हर्ट्झ. ग्राउंड लूप (दोन मशीनच्या ग्राउंडमध्ये दोन वाटांनी तयार झालेलं वर्तुळ), तुटलेली शील्ड (केबलच्या तारांभोवतीची धातूची जाळी) किंवा जवळचा ट्रान्सफॉर्मर. छोटे स्पीकर आणि मोबाइलचा माइक ५० हर्ट्झ नीट पकडत नाहीत, त्यामुळे ॲपमध्ये १०० आणि १५० च्या रेषाही बघा.

थोडी खरखरीत हम, १०० हर्ट्झ. रेक्टिफायरनंतरचा रिपल, म्हणजे एसीचं डीसी केल्यावर उरलेला चढउतार. इनपुट शॉर्ट करूनही तशीच राहिली तर त्या ॲम्पचे फिल्टर कपॅसिटर थकलेत. हा बाहेरचा त्रास नाही, पुढची तपासणी सोडा आणि कपॅसिटर बदला.

टोकदार भणभण, १०० च्या पटीत वरपर्यंत भरपूर रेषा. डिमर, स्वस्त एलईडी माळा, पार लाइट (स्टेजचे दिवे). डिमरचं बटण फिरवल्यावर भणभणीचा सूर बदलला तर शंका उरत नाही. डिमर निम्म्यावर असताना ती सर्वांत जास्त असते.

टर्र-टर्र-टर्र, मग सलग टरटर. टूजी मोबाइल. तो सेकंदाला सुमारे २१७ वेळा झटके देत प्रक्षेपण करतो आणि तेच २१७ हर्ट्झ आपल्याला ऐकू येतात. ॲपमध्ये २१७, ४३४, ६५१ अशा रेषा दिसतात.

माउस हलवला की बदलणारी चिरचिर. लॅपटॉप आणि त्याचा चार्जर. ॲम्पमध्ये यूएसबी-ब्लूटूथचं मॉड्यूल बसवलेलं असेल तर त्याचा सप्लायही असाच आवाज देतो. मॉड्यूलची पॉवर पिन काढून बघा.

बारीक शिट्टी, काही किलोहर्ट्झची. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या पूजेच्या किंवा समारंभाच्या सेटवर ही जास्त येते. मोटारीचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हची स्विचिंग फ्रिक्वेन्सी साधारण २ ते १६ किलोहर्ट्झ असते, म्हणजे कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यातच.

एफएमचा कार्यक्रम शब्दन् शब्द. आधी ॲम्प किंवा मिक्सरमधला एफएम मोड चुकून चालू नाही ना ते बघा. हसण्यासारखं वाटेल, पण यात तासभर जातो.

आवाज कधी येतो हेही लिहा: कायम, संध्याकाळी दिवे लागल्यावर, पंप किंवा फ्रिज सुरू होताना, की फक्त एका जागी. माइक बंद केल्यावर गेलेली कूऽऽ ही फीडबॅकची शिट्टी असते, तिचा या लेखाशी संबंध नाही.

## टप्पा २: वीज आणि अर्थिंग मोजा

हा टप्पा गाळला तर पुढचे निष्कर्ष खोटे येतात. ज्या बोर्डवर साउंड आहे त्याच सॉकेटमध्ये, दिवे-पंखे चालू असताना, तीन मोजमापं घ्या.

१. फेज ते न्यूट्रल: साधारण २३० व्होल्ट.
२. फेज ते अर्थ: जवळपास तेवढंच.
३. न्यूट्रल ते अर्थ: २-३ व्होल्टपर्यंत चालतं.

न्यूट्रल-अर्थ ५ ते १० व्होल्ट किंवा जास्त आलं तर न्यूट्रलची वायर बारीक किंवा लांब आहे, जोड ढिला आहे, किंवा अर्थिंगच कच्चं आहे. फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ दोन्ही १०० च्या आसपास तरंगत असतील तर अर्थ जोडलेलाच नाही. जुन्या नाशकातल्या वाड्यांत दोन तारांचं वायरिंग अजून सापडतं. तिथे तीन पिनांचं सॉकेट दिसलं तरी तिसऱ्या भोकामागे वायर असेलच असं नाही. छोट्या जनरेटरवरही न्यूट्रल मोकळा असल्यामुळे असंच रीडिंग येतं. न्यूट्रल-अर्थ जोड फक्त जनरेटरपाशी आणि परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

एक रीडिंग मात्र फसवं असतं: न्यूट्रल-अर्थ अगदी ०.०. तेवढ्यावर खूश होऊ नका. त्याच लाइनवर १००० वॅटचा हीटर किंवा हॅलोजन लावा. न्यूट्रलमधून करंट गेला की हे व्होल्टेज थोडं तरी वाढायला हवं. तरीही शून्यच राहिलं तर कुणीतरी सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून ठेवलेत. असं असताना न्यूट्रल तुटला तर ॲम्पच्या बॉडीत २३० व्होल्ट येऊ शकतात. शिवाय न्यूट्रलचा करंट तुमच्या ऑडिओ केबलच्या शील्डमधून वाट काढतो, आणि हम कशानेच जात नाही.

उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थ पिटचा (अर्थिंगच्या खड्ड्याचा) रोध वाढतो. नाशकात खाली काळा कातळ आहे, वरचा मातीचा थर पातळ असेल तिथे हे जास्त जाणवतं. एप्रिल-मेच्या कार्यक्रमाआधी पिटमध्ये पाणी सोडायला सांगा.

मग चाचणीपुरतं मिक्सर, ॲम्प, लॅपटॉप, वायरलेसचा रिसीव्हर असं सगळं एकाच चांगल्या बोर्डवर घ्या. आवाज कमी ठेवला तर १६ अँपिअरच्या सॉकेटवर हे आरामात चालतं. हम इथेच निम्म्याहून कमी झाली तर वेगवेगळ्या सॉकेटांच्या अर्थमधला फरक हेच कारण होतं.

सावध: अर्थची पिन काढणं हा उपाय नाही. आजच्या बहुतेक मशीनमध्ये मेन्स फिल्टरचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलवरून बॉडीला जातात. अर्थ तोडला की बॉडी ११० व्होल्टच्या आसपास तरंगते, हाताला झिणझिण्या येतात, आणि तो फिल्टर नीट काम करत नाही. म्हणजे हम कदाचित कमी होते, पण भणभण वाढते. माइक हातात धरून ओल्या घाटावर उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाशी हा खेळ आहे.

## टप्पा ३: स्पीकरकडून मागे या

हीच खरी तपासणी. प्रत्येक पायरीनंतर वहीत लिहा: आवाज तसाच, कमी झाला, की गेला.

३.१ ॲम्प बंद, बाकी सगळं चालू. स्पीकरमधून अजून हम येते का? आली तर स्पीकरची वायर पॉवर केबलला लांबपर्यंत चिकटून गेलेली आहे, किंवा १०० व्होल्टची लाइन मेन्सच्याच पाइपमधून ओढलेली आहे. दुसरा प्रकार हमपेक्षा जिवाला घातक आहे, लाइन आधी वेगळी करा.

३.२ ॲम्प चालू, व्हॉल्यूम शून्य, इनपुटवर शॉर्टिंग पिन. आवाज गेला तर तो इनपुटच्या बाजूने येत होता. ३.४ वर जा. राहिला तर वाट दोनच: स्पीकरची वायर किंवा मेन्स. (ॲम्पच्या पेटीवर कान ठेवून ट्रान्सफॉर्मर स्वतःच गुणगुणत नाही ना हेही बघा. ती पत्र्यांची थरथर असते, स्पीकरमधून येत नाही.)

३.३ ॲम्प बंद करा, सगळ्या स्पीकरच्या वायरी काढा, टेस्ट स्पीकर लावा, पुन्हा चालू करा. इनपुट अजून शॉर्टच ठेवा. फक्त १०० व्होल्ट लाइन वापरत असाल तर चाचणीसाठी ८ ओहमचं टर्मिनल घ्या. आता अर्ध्या मीटरच्या वायरीवर आवाज गेला तर स्पीकरची लांब वायर हीच वाट. टप्पा ४ वर जा. आवाज तसाच असेल तर मेन्स किंवा ॲम्पच्या आतलं. टप्पा ६ वर जा.

३.४ व्हॉल्यूम हळूहळू वाढवा, इनपुट शॉर्टच. व्हॉल्यूमबरोबर वाढणारा आवाज व्हॉल्यूमच्या आधी शिरतो, न वाढणारा नंतर. दोन्ही प्रकार एकत्रही असतात: थोडा कायम, थोडा वाढता. तसं असेल तर दोन वाटा आहेत आणि दोन वेगळे उपाय लागतील.

३.५ मिक्सरकडून येणारी केबल ॲम्पला लावा, पण तिचं मिक्सरकडचं टोक शॉर्ट ठेवा. आवाज आला तर केबल किंवा तिचं कनेक्शन. नाही आला तर मिक्सर जोडा, सगळे फेडर खाली. मग एकेक चॅनल, एकेक सोर्स. लॅपटॉप शेवटी जोडा, आधी बॅटरीवर आणि मग चार्जर लावून.

खात्री: ॲक्टिव्ह स्पीकर असतील तर ॲम्प डब्याच्या आतच आहे, स्पीकरच्या वायरीची वाट जवळपास बंद असते. तिथे ३.२ करून सरळ ३.५ वर या. मात्र सिग्नलची केबल आणि पॉवरची केबल एकाच जुडग्यात बांधली असेल तर आधी ती सोडवा.

## टप्पा ४: स्पीकरची वायर अँटेना झाली असेल तर

रेडिओ लहरी वायरीच्या दोन्ही तारांवर सारख्याच येतात. त्या आउटपुट टर्मिनलवर पोचतात, तिथून फीडबॅकच्या (ॲम्पच्या आत आउटपुटचा थोडा भाग इनपुटकडे परत नेणाऱ्या) वाटेने इनपुटच्या ट्रान्झिस्टरपर्यंत जातात. ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर जोड डायोडसारखा वागतो आणि लहरीवर बसलेला आवाज सुटा करतो. पुढे ॲम्प आपलं काम इमानेइतबारे करतो, तो आवाज मोठा करतो. म्हणूनच या त्रासाला व्हॉल्यूमच्या बटणाचा फरक पडत नाही.

लहरीच्या पाव लांबीची अँटेना चांगली पकडते. मीटरमध्ये तिची लांबी म्हणजे ७५ भागिले मेगाहर्ट्झ: १०० मेगाहर्ट्झच्या एफएमला ७५ सेंटिमीटर, २७ मेगाहर्ट्झला पावणेतीन मीटर, ९०० मेगाहर्ट्झच्या मोबाइलला फक्त ८ सेंटिमीटर. यावरून कुठली वायर कुणाला धार्जिणी आहे याचा अंदाज येतो. मोबाइलला तर ॲम्पच्या आतली तारही पुरते.

उपाय या क्रमाने करा:

१. जादा वायर कापा किंवा हलवा. गुंडाळी करून ठेवलेली २० मीटर जादा वायर उगाच त्रास ओढते. मंडपात स्पीकरची वायर आणि रोषणाईची माळ एकाच बांबूवरून नेतात, हे टाळा. किमान ३० सेंटिमीटर अंतर ठेवा आणि ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा.

२. पीळ असलेली वायर घ्या. गोल केबलच्या आतल्या तारा पिळलेल्या असतात, चपट्या लाल-काळ्या जोडवायरीत नसतात. सुट्या तारा असतील तर ड्रिलमध्ये धरून फुटाला आठ-दहा पीळ द्या.

३. जोड तपासा. रामकुंड परिसरात किंवा पावसाळ्यात नदीकाठी वापरलेल्या वायरींचे जोड हिरवे पडतात. गंजलेला जोड स्वतःच डायोडसारखा वागून रेडिओ सुटा करू शकतो. टेप गुंडाळलेला प्रत्येक जोड उघडा, घासून पक्का डाग (सोल्डर) द्या किंवा नवीन कनेक्टर लावा.

४. फेराइट लावा, पण ॲम्पच्या टोकाला. टर्मिनलपासून ५ सेंटिमीटरच्या आत. स्पीकरकडे लावलेला गट्टू उरलेल्या वायरीचं काहीच करत नाही. लाल आणि काळी दोन्ही तारा एकत्र, एकाच दिशेने रिंगमधून घ्या. एकच तार घातली तर ऑडिओचा करंट रिंगला संपृक्त करतो आणि आवाज फाटतो. एफएमच्या आसपासच्या त्रासाला एक-दोन वेढे पुरतात, मीडियम वेव्ह किंवा शॉर्ट वेव्हच्या त्रासाला मोठ्या रिंगवर पाच ते सात लागतात. वेढे दुप्पट केले की खालच्या फ्रिक्वेन्सीला अडथळा साधारण चौपट होतो, म्हणून एका वेढ्याचे पाच क्लिप लावण्यापेक्षा एका रिंगवर पाच वेढे परवडतात.

५. आउटपुटचं झोबेल नेटवर्क बघा. क्लास-एबी (स्विचिंग न करणाऱ्या, नेहमीच्या) ॲम्पच्या आउटपुटवर साधारण १० ओहमचा रेझिस्टन्स आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकापाठोपाठ बसवलेले असतात. दुरुस्तीत हा जळका रेझिस्टन्स अनेकदा तसाच राहून जातो. ॲम्प वाजतो, पण अस्थिर होतो आणि बाहेरचं सगळं पकडू लागतो.

सावध: आउटपुट टर्मिनलवर सरळ कपॅसिटर लावून रेडिओ घालवायचा सल्ला सगळीकडे मिळतो. बऱ्याच ॲम्पना असा भार सोसत नाही, ते ऐकू न येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर ऑसिलेट होतात आणि ट्वीटर किंवा आउटपुट ट्रान्झिस्टर घेऊन जातात.

क्लास-डीचा त्रास कधी कधी उलट्या दिशेने जातो. त्याचं स्विचिंग काहीशे किलोहर्ट्झवर चालतं आणि फिल्टर कमी पडला तर स्पीकरची वायरच प्रक्षेपण करू लागते. सेलचा रेडिओ मीडियम वेव्हवर, स्टेशन नसलेल्या जागी लावून वायरीजवळ न्या. ॲम्प बंद करताच रेडिओतली खरखर थांबली तर ॲम्प हाच स्रोत. वायरलेस माइकचा रिसीव्हर अशा ॲम्पच्या डोक्यावर ठेवू नका, तो एक-दीड मीटर लांब न्या आणि वरचेच फेराइटचे उपाय इथेही करा.

## टप्पा ५: इनपुटची केबल आणि १ नंबरची पिन

आधी केबल. एक्सएलआरमध्ये १ म्हणजे शील्ड, २ आणि ३ म्हणजे सिग्नल. मीटर लावून दोन्ही टोकं तपासा आणि तपासताना केबल हलवत राहा. शील्डच्या जाळीची शेपटी लांब ठेवून दिलेला डाग मोबाइलची टरटर आत घेतो. जाळी १ सेंटिमीटरपेक्षा जास्त उघडी ठेवू नका.

केबल चांगली असूनही त्रास असेल तर दोष मशीनच्या सॉकेटमध्ये असू शकतो. शील्ड सॉकेटपाशीच धातूच्या बॉडीला जोडलेली हवी. कित्येक मिक्सर-ॲम्पमध्ये १ नंबरची पिन सर्किट बोर्डच्या ग्राउंडला नेलेली असते. मग शील्डवरचा सगळा कचरा थेट सिग्नलच्या ग्राउंडमध्ये ओतला जातो. हे तपासायला सोपी चाचणी आहे:

१. इनपुटची केबल काढा, व्हॉल्यूम नेहमीच्या जागी ठेवा.
२. १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरच्या एका टोकाला १५० ओहमचा रेझिस्टन्स लावून ते १ नंबरच्या पिनेला जोडा.
३. दुसरं टोक मशीनच्या बॉडीवर, रंग खरवडलेल्या जागी किंवा स्क्रूवर टेकवा. सुमारे ८० मिलिॲम्पिअर करंट जाईल.
४. ऐका. शांत राहिलं तर सॉकेट ठीक. हम आली तर पिनचं कनेक्शन चुकीचं आहे.

ट्रान्सफॉर्मर किमान १ मीटर लांब धरा, नाहीतर त्याच्याच चुंबकीय क्षेत्राची हम ऐकून चांगल्या मशीनला दोष द्याल.

दुरुस्ती सोपी असते: १ नंबरच्या पिनेपासून बॉडीपर्यंत जाड, अगदी आखूड तार. रेडिओचा त्रासही असेल तर २ आणि ३ नंबरच्या पिनांवरून बॉडीला प्रत्येकी २२० पिकोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, सॉकेटच्या पाठीमागेच, पाय कापून. दोन्ही कपॅसिटर सारखे निवडा.

लॅपटॉपच्या ३.५ मिलिमीटर जॅकमधून येणारी हम-चिरचिर ट्रान्सफॉर्मरने जाते. बॅटरीवर शांत आणि चार्जरवर आवाज, अशी लक्षणं असतील तर दुसरं काही शोधू नका, एकास एक ट्रान्सफॉर्मर किंवा ग्राउंड लिफ्टचा (ग्राउंड तोडण्याची सोय असलेला) डीआय बॉक्स, म्हणजे सिग्नल जोडणारी छोटी पेटी, मध्ये घाला.

शील्ड एका टोकाला तोडून हम घालवायची असेल तर ती ॲम्पच्या टोकाला तोडा आणि तिथे १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर भरा. नुसती तोडली तर ५० हर्ट्झ थांबतं, पण रेडिओ लहरींना शील्ड उघडी पडते. हम गेली आणि मोबाइल ऐकू यायला लागला, ही तक्रार इथूनच येते.

## टप्पा ६: मेन्समधून येणारा त्रास

इथे बंद करत जाणं हीच पद्धत. डिमर, मग एलईडी वॉल, पार लाइट, माळा, पंखे, जनरेटरचा चार्जर. एकेक बंद करा आणि प्रत्येक वेळी ऐका. नुसतं बटण बंद करून काही पॉवर सप्लाय चालूच राहतात, प्लग काढा.

मग सेलचा रेडिओ घेऊन फिरा. ज्या बोर्डाजवळ, चोकजवळ किंवा माळेच्या ज्या टोकाजवळ खरखर एकदम वाढेल तिथे खूण करा. रेडिओ आडवा-उभा फिरवला की दिशाही कळते. ठिणग्या मारणारा ढिला जोड असाच सापडतो, आणि तो सापडला की हमचा विषय बाजूला ठेवून आधी तो दुरुस्त करा, त्याने मंडप पेटू शकतो.

साउंड आणि लाइट वेगळ्या फेजवर घेतल्याने प्रश्न सुटतो असं मानलं जातं. खरा फायदा वेगळी वायर, वेगळा बोर्ड आणि मधलं अंतर यांचा असतो, फेजचा फारसा नाही. अर्थ मात्र एकाच जागी मिळायला हवा.

मेन्सचा फिल्टर लावणार असाल तर ॲम्पच्या शेजारी, धातूच्या बॉडीला घट्ट स्क्रूने. त्याला पक्का अर्थ नसेल तर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

## टप्पा ७: मोबाइलची मुद्दाम चाचणी

वाट बघत बसू नका, टरटर स्वतः निर्माण करा. फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्क फक्त टूजी करा आणि कॉल लावा. फोरजीवर तीच टरटर होत नाही, त्यामुळे फोरजीवर घेतलेली चाचणी फसवी असते.

कॉल चालू ठेवून फोन ३० सेंटिमीटर अंतरावरून साखळीभर फिरवा: माइकची पिन, केबलचे जोड, मिक्सरची मागची बाजू, ॲम्पचं इनपुट, शेवटी स्पीकरचे टर्मिनल. टरटर सर्वांत मोठी होईल तिथे १०-१० सेंटिमीटर सरकवून जागा नक्की करा. ती जवळपास नेहमी एखाद्या कनेक्टरवर सापडते, केबलच्या मध्यावर क्वचितच. इनपुटचा कनेक्टर असेल तर टप्पा ५, आउटपुट असेल तर टप्पा ४. पोडियमवर माइकशेजारी वक्त्याचा मोबाइल ठेवण्याची जागा असते, तिथेही फोन ठेवून बघा.

## टप्पा ८: उपाय खरा आहे का ते पडताळा

लावलेला उपाय काढा. आवाज परत आला पाहिजे. परत लावा, गेला पाहिजे. हे दोनदा जुळलं तरच नोंद करा. दुपारी रिकाम्या लॉनवर शांत वाटलेला सेट संध्याकाळी सगळे दिवे लागल्यावर पुन्हा तपासा, न्यूट्रल-अर्थ व्होल्टेजही तेव्हाच पुन्हा मोजा. जमलं की फेराइट टायने बांधा, तात्पुरते जोड डाग देऊन पक्के करा, केबलवर नंबर राहू द्या.

इनपुट शॉर्ट, टेस्ट स्पीकर, स्वच्छ वीज, आसपासची सगळी यंत्रं बंद, आणि तरीही आवाज असेल तर ॲम्प टेबलावर न्यायची वेळ आली. कारागिराला नुसतं "हम येते" असं सांगू नका. इनपुट शॉर्ट करूनही येते, अर्ध्या मीटरच्या वायरीवरही येते, व्हॉल्यूमने बदलते की नाही, ॲपमध्ये ५० दिसतं की १००, हे वहीतून उतरवून द्या. १०० असेल तर तो फिल्टर कपॅसिटर आणि रेक्टिफायरपासून सुरुवात करेल, ५० असेल तर ट्रान्सफॉर्मरची जागा आणि आतल्या ग्राउंडच्या तारा आधी बघेल.